वावरातल्या घरासाठी बंदूक: १२ बोअर घ्यायची, १६ की २०?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भाऊंचं घर पांढरकवड्याकडे, गावापासून दीड-दोन किलोमीटर आत वावरात. घरात म्हातारे आईबाबा, बायको आणि दोन लहान पोट्टे. आजूबाजूला मोटारी, केबल, ढोरं चोरीला जाऊन राहिले, एका घरी तर रात्री चोरटे आत घुसले होते. बंदुकीचं लायसन मंजूर झालं आणि आता समोर तीन गोष्टी आहेत: दुकानातली नवीन देशी १२ बोअर, मामाच्या ओळखीतली १६ बोअरची जुनी विलायती दुनाळी जी स्वस्तात भेटून राहिली, आणि मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून डोक्यात बसलेली २० बोअर, कारण ती म्हणे कमी झटका मारते आणि घरातल्या बाईमाणसालाही झेपते.

मी फौजेत आर्मरर होतो, रिटायर झाल्यापासून हत्यार दुरुस्तीचंच काम करतो, गावखेड्यातल्या एकनाळ्या-दुनाळ्या रोज टेबलावर येतात. म्हणून आधीच सरळ सांगतो, १२ बोअर घ्या. पण का घ्यायची ते नीट समजून घ्या, कारण लोक ज्या कारणासाठी १२ बोअर घेतात, म्हणजे "मोठी नळी, मोठा दणका", ते कारण तुमच्या घरासाठी बिलकुल कामाचं नाही.

बोअर म्हणजे काय ते पहिले पाहू. एक पौंड शिसं घेऊन त्याचे सारखे १२ गोळे केले तर त्यातला एक गोळा ज्या नळीत बरोबर बसेल ती १२ बोअर. १६ गोळे केले तर १६, २० केले तर २०. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते. १२ ची नळी आतून साधारण १८.५ मिलिमीटर, १६ ची १६.८, २० ची १५.६. चारशे दहावाली जी असते तिचा आकडा या हिशोबातला नाही, ते इंचाचं माप आहे, पॉइंट ४१० म्हणजे १०.४ मिलिमीटर. आता नळी मोठी म्हणून छर्रा काही जास्त जोरात जात नाही, वेग सगळ्यांचा थोडाफार सारखाच राहतो. फरक आहे तो मालाचा. १२ च्या नेहमीच्या काडतुसात ३०-३२ ग्रॅम छर्रे, १६ आणि २० मध्ये २४ ते २८, आणि चारशे दहाच्या लहान काडतुसात १४ च्या आसपास. घरातल्या घरात, ओसरीपासून फाटकापर्यंत, पाच-सात मीटरवर हा फरक काही फार मोठा नाही. २० बोअरनेही माणूस मरते आणि चारशे दहानेही मरते, त्यामुळे "लहान बोअर म्हणजे फक्त भेव दाखवायला" हा विचार डोक्यातून काढून टाका.

मग १२ च काहून? कारण आपण विदर्भात राहतो, अमेरिकेत नाही. तिकडे २० बोअरची दहा प्रकारची काडतुसं किराणा घेतल्यासारखी भेटतात. आपल्याकडे बाहेरून हत्यार मागवणं सामान्य लायसनदाराला १९८० च्या दशकापासूनच बंद झाल्यासारखं आहे, देशी कारखान्यांचा सगळा भर १२ बोअरवर आणि दुकानात जे काडतूस कधीही गेलं तरी भेटते ते १२ चं. १६ आणि २० चं काडतूस कधी भेटलं तर भेटलं, तेही जुन्या स्टॉकचं आणि भाव दुकानदार सांगेल तो. ज्या बंदुकीचं काडतूस भेटत नाही तिचा सराव होत नाही, आणि ज्याचा सराव नाही त्या माणसाने रात्री अंधारात पोराबाळांच्या घरात बंदूक उचलूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. बस, १२ बोअर घ्यायचं खरं कारण एवढंच.

दुसरं, व्हिडिओवाले सांगतात की घरातल्या सगळ्यात लहान चणीच्या माणसाला झेपेल अशी बोअर घ्या. तो सल्ला त्यांच्या कायद्यासाठी ठीक आहे. आपल्याकडे लायसन ज्याच्या नावावर, हत्यार त्याचं. तुम्ही बाहेरगावी आहात आणि वहिनीने बंदूक काढली असं चालत नाही, त्यांच्या नावाचं लायसन पाहिजे. म्हणजे बंदूक फक्त तुमच्या खांद्याला बसली पाहिजे. आणि तुम्ही घरी नसाल त्या रात्रीसाठी घराची दुसरी सोय लागेल, ती पुढे सांगतो.

झटक्याचं पाहा. झटका बोअरच्या आकड्यावर कमी आणि बंदुकीच्या वजनावर, काडतुसातल्या मालावर जास्त ठरते. अडीच किलोची हलकी एकनाळी १२ बोअर खांदा सुजवते, तेच काडतूस सव्वातीन किलोच्या दुनाळीत बरं वाटते. २० बोअरच्या बंदुका बनवतातच हलक्या, त्यामुळे तिचा झटका लोकांना वाटते तितका कमी राहत नाही. म्हणून १२ मध्येच थोडी वजनदार दुनाळी घ्या आणि त्यात हलकं, म्हणजे २८ ग्रॅमच्या आसपासचं काडतूस भेटलं तर ते टाका. बटाचं माप दुकानातच पाहा, कोपर वाकवून बट कोपराच्या आतल्या बाजूला टेकवा, बोटाचं पहिलं पेर आरामात चापावर आलं पाहिजे. ताणून न्यावं लागत असेल तर बट लांब आहे, ती खांद्यावर न बसता दंडावर बसेल आणि मग बोअर कोणतीही असो, दंड काळानिळा होणार. बट थोडी कापून मागे रबरी पॅड लावता येते, ते छोटं काम आहे. नळी मात्र कापायची नाही. आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ मध्ये स्वसंरक्षणासाठी जी साधी गुळगुळीत नळीची बंदूक सांगितली आहे तिची नळी कमीत कमी २० इंच पाहिजे, आणि परवानगीशिवाय नळी आखूड करणं हा वेगळा गुन्हा आहे. गावातला लोहार म्हणेल "देतो कापून, घरात फिरवायला सोपी पडेल", त्याच्या नादी लागू नका.

पंप, म्हणजे नळीखालचा दांडा हाताने मागे-पुढे ओढून काडतूस भरायची बंदूक, घ्यायची की दुनाळी हाही प्रश्न येईलच. पंप चांगलं हत्यार आहे पण घाबरलेल्या हाताने पंप अर्धाच ओढला जाते आणि काडतूस अडकते, हे ज्यांनी भरपूर सराव केला त्यांच्याकडूनही होते. दुनाळी उघडली की काडतूस बसायच्या दोन्ही जागा डोळ्यासमोर दिसतात, भरली आहे की रिकामी हे अंधारात बोट घालूनही समजते. लहान पोरांच्या घरात ही गोष्ट मला दोन जास्तीच्या काडतुसांपेक्षा मोठी वाटते.

आता ज्यावर खरा विचार व्हायला पाहिजे ते, काडतुसातला दाणा आणि तुमच्या घराची भिंत. आपल्याकडे लोक लायसन आलं की सरळ एलजी, म्हणजे मोठ्या दाण्याचं काडतूस, मागतात. एलजीचे एका औंसात सहा दाणे बसतात, एक एक दाणा नऊ मिलिमीटरचा. एसजीचे आठ, दाणा सव्वाआठ-साडेआठचा. हे दाणे टिनाच्या पत्र्यातून, कुडाच्या भिंतीतून, लाकडी दारातून आरपार जातात आणि पलीकडे जाऊनही माणूस मारायची ताकद त्यांच्यात उरते. पक्क्या विटेची नऊ इंची भिंत त्यांना अडवते, पण तुमच्याकडे सगळ्या भिंती नऊ इंची आहेत का? वावरातल्या घरात समोरच्या दोन खोल्या पक्क्या, मागे स्वयंपाकघर चार इंची भिंतीचं, न्हाणी टिनाची, कोठा कुडाचा असंच राहते. आणि उन्हाळ्यात अर्धं घर अंगणात बाजेवर झोपलेलं असते. तुम्ही ओसरीतून फाटकाकडे एलजी मारली आणि सहातले दोन दाणे बाजूने गेले, तर ते कुठं जातील हे आजच दिवसाउजेडी उभं राहून पाहा. प्रत्येक दारातून, प्रत्येक खिडकीतून उभं राहायचं आणि पाहायचं की या रेषेत मागे कोण झोपते. आईबाबांची खोली, सालदाराची झोपडी, रोडपलीकडचं शेजाऱ्याचं घर, सगळं. ज्या दिशेला माणूस आहे त्या दिशेला बंदूक चालवायची नाही, हे आधीच ठरवून ठेवायचं, त्या वेळेवर सुचत नाही.

माझा सल्ला असा की घराच्या आत वापरायची वेळ आली तर ४ नंबर किंवा ६ नंबरचा बारीक छर्रा ठेवा. लोक म्हणतात तो तर तितरासाठी आहे. अंतर पाहा ना भाऊ. चोक नसलेल्या, म्हणजे तोंडाशी आवळलेली नसलेल्या नळीतून छर्रा साधारण एका यार्डाला एक इंच पसरते, म्हणजे पाच मीटरवर जेमतेम तळहाताएवढा. तेवढ्या अंतरावर ६ नंबरचे दोन-अडीचशे दाणे एका गठ्ठ्यात जातात आणि भयंकर जखम करतात, पण भिंतीला लागले की लवकर जोर सोडतात. पलीकडच्या खोलीतल्या माणसासाठी धोका राहतेच, फक्त एलजीपेक्षा खूप कमी राहते. आणि हेच गणित दुसऱ्या बाजूनेही लक्षात ठेवा, "छर्रा आहे, नेम धरायची गरज नाही, त्या बाजूला मारलं की लागते" हे साफ खोटं आहे, तळहाताएवढा पसारा म्हणजे नेम धरावाच लागते.

त्या १६ बोअरच्या विलायती दुनाळीबद्दल. अशा बंदुका दिसायला लय सुंदर, बॅलन्स असा की हातातून ठेवू वाटत नाही, त्यामुळे मन ओढते हे मला समजते. पण तीन गोष्टी पाहिल्याशिवाय तिच्यात काडतूस घालू नका. नळ्या उघडून खालच्या सपाट बाजूवर चेंबरचा, म्हणजे काडतूस बसायच्या जागेचा आकडा कोरलेला राहते. तिथे अडीच इंच किंवा ६५ असेल तर आजचं ७० मिलिमीटरचं काडतूस तिच्यात चालवायचं नाही. गंमत अशी आहे की ते काडतूस आत बसते, कारण माप हे फुटल्यानंतर तोंड उघडलेल्या काडतुसाचं राहते. बसलं म्हणून लोक चालवतात आणि तोंड उघडायला जागा नसल्याने आतलं प्रेशर वाढते. दुसरं, नळीवर लाटांसारखी नक्षी दिसत असेल तर ती पट्ट्या गुंडाळून बनवलेली दमास्कस नळी आहे, ती भिंतीवर शोभेला ठेवा, आजचं काडतूस तिच्यात नको. तिसरं, नळ्या बंद केल्यावर हलवून पाहा, सांध्यात खडखड आली किंवा उजेडाकडे धरल्यावर फट दिसली तर ती बंदूक सैल झाली आहे. आणि हे सगळं ठीक निघालं तरी १६ चं काडतूस कुठून आणणार हा प्रश्न तिथेच उभा आहे. शौक म्हणून कोणी घेत असेल तर घेऊ द्या, घराच्या भरवशासाठी तुम्ही घेऊ नका. तसंही लायसनवर हत्याराचा प्रकार आणि बोअर काय लिहिली आहे ते आधी वाचा, आणि दोन लायसनदारांमधला व्यवहारही लायसन देणाऱ्या ऑफिसला कळवल्याशिवाय करायचा नाही.

आणखी एक, ज्या घरात १२ आणि २० दोन्ही आहेत त्यांच्यासाठी, कारण काही जुन्या मालगुजारी वाड्यांमध्ये अजून आहेत. २० चं काडतूस चुकून १२ च्या नळीत टाकलं तर ते खाली पडत नाही, आत सरकून चेंबरच्या पुढे अडकून बसते. वरून नळी रिकामीच दिसते. मग माणूस समजते की टाकायचं राहिलं, आणि मागून १२ चं टाकते, आणि चाप ओढला की पुढचं काडतूस फुटून नळी डाव्या हाताजवळच फाटते. दोन बोअरची काडतुसं एका डब्यात, एका खिशात कधीच नको.

नळी फाटण्याचं आपल्या भागातलं दुसरं कारण म्हणजे कुंभारीण माशी. ही माशी चिखलाचं घर बांधते ते तुम्ही खिडकीच्या चौकटीत पाहिलंच असेल, तिला बंदुकीची नळी फार आवडते. पावसाळ्यात महिनाभर कोपऱ्यात उभी ठेवलेली बंदूक माझ्याकडे आली तर मी पहिले नळ्या उघडून उजेडाकडे धरून पाहतो, आणि बोटभर लांब, वाळून घट्ट झालेला मातीचा बूच कधी कधी निघतेच. त्याच्यावर काडतूस चालवलं असतं तर काय झालं असतं हे सांगायची गरज नाही. दर आठवड्याला नळीतून उजेड पाहा, काडीला कपडा गुंडाळून तेलाचा हात फिरवा, पावसाळ्यात जास्तच. काडतुसं टिनाखालच्या माळ्यावर ठेवू नका, आपल्याकडे मे महिन्यात ४५-४६ डिग्री जाते आणि टिनाखाली त्याहून जास्त. जुन्या कागदी काडतुसांना पावसाळ्यात दमट लागलं की फुगतात, चेंबरमध्ये अर्धी जाऊन अडकतात, ती असतील तर बदलून टाका.

आता रात्रीचं. आपल्या भागात रात्री माणसं फिरतात हे शहरात बसून सल्ला देणाऱ्यांना माहीत नसते. शेतीची लाईन रात्रपाळीला असली की बारा-एक वाजता माणूस मोटर चालू करायला वावरात जाते, हरभऱ्याला पाणी फिरवते, कोणी रानडुकरांसाठी जागलीला असते, सालदार स्टार्टरची चावी मागायला धुऱ्यावरून उडी मारून येते, कोणी दारू पिऊन रस्ता चुकते. म्हणून अंधारात हललेल्या सावलीवर बंदूक रोखायचीच नाही. पहिले टॉर्च, पहिले आवाज, "कोण आहे?" हे तीनदा ओरडायचं. बंदूक हातात घेऊन अंगणात चोर शोधत फिरणं हे सगळ्यात वाईट. सगळ्यांना एका पक्क्या खोलीत घ्या, कडी लावा, ११२ ला फोन करा, पोलीस पाटलाला करा, बाजूच्या दोन वावरवाल्यांना करा, आणि तुम्ही दाराकडे तोंड करून आतच थांबा. दार तोडून कोणी आत यायला लागला तर तुम्हाला माहीत असते की त्या दारातून आपलं माणूस येत नाही.

कायदा इथेच येते. आधी आयपीसी होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचे आहेत. दरोडा, घराला आग लावणं, सूर्यास्त ते सूर्योदयाच्या मधात घरफोडी अशा वेळी हक्क मोठा आहे, पण कलम ३७ सांगते की गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हक्क चालत नाही. मोटरची केबल कापून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी मारली तर ते स्वसंरक्षण होत नाही, तुम्ही स्वतः आरोपी व्हाल. केबलचे पैसे भरून निघतील भाऊ, कोर्टात गेलेली दहा वर्षं निघत नाहीत, आणि त्या पोराचा जीवही परत येत नाही. मी फौजेत होतो म्हणून सांगतो, जनावर असो की माणूस, ते विसरता येत नाही.

रोही (नीलगाय) आणि रानडुकरांसाठीही हीच बंदूक चालेल का, असं मला हमेशा विचारतात. नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय एकही जनावर मारलं तर केस होते आणि लायसनही जाते. पिकाच्या नुकसानीचा पंचनामा करून भरपाई मागा. तुमच्याकडे टिपेश्वर अभयारण्याचे वाघ बाहेर येतात, कोठ्याजवळ वाघ दिसला तर दार लावून आत राहा आणि वनखात्याला फोन करा. जीवावर बेतलं तर कायदा स्वसंरक्षण मानते, पण छर्रा खाल्लेला जखमी वाघ पूर्ण गावासाठी संकट आहे.

घरात पोट्टे आहेत म्हणून हे जोर देऊन सांगतो. बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, चाव्या तुमच्याजवळ. कपाटावर, गादीखाली, देवघरामागे लपवली की पोरांना समजत नाही असं फक्त आपल्याला वाटते. दसऱ्याला पूजेला काढाल तेव्हा नळ्या उघडून ठेवा. लग्नात, वरातीत हवेत बार काढायचा नाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

निवडणूक आली की ठाण्यातून निरोप येते, हत्यार जमा करा. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत धरून कधी कधी महिना-दीड महिना बंदूक ठाण्यात पडून राहते आणि गावात सगळ्यांना माहीत असते की अमक्याची बंदूक जमा आहे. त्या दिवसांत आणि तुम्ही बाहेरगावी असाल तेव्हा घर कशावर राहणार? म्हणून बंदुकीच्या बजेटमधून काही पैसे काढून आधी चॅनल गेट बसवा, चारही कोपऱ्यांना लाईट आणि लाईन गेली तर चालणारा एक सोलर लाईट लावा, एका खोलीचं दार लोखंडी करा, आणि दोन गावठी कुत्रे पाळा. चोर बंदुकीच्या बोअरकडे पाहून घर निवडत नाही, उजेड आणि कुत्रे पाहूनच पुढे जाते.

तर दुकानात जाताना लायसनचं मूळ पुस्तक घ्या, १२ बोअर दुनाळी मागा, ७० मिलिमीटर चेंबर, वजन तीन किलोच्या वर, बट कोपरात मापून. सोबत दोन डमी काडतुसं घ्या, रोज संध्याकाळी पोट्टे दुसऱ्या खोलीत असताना उघडणं, भरणं, खांद्याला लावणं याचा सराव करा, आणि खरी काडतुसं त्या खोलीत आणू नका. वर्षातून दोनदा तरी रेंजवर जाऊन खरं काडतूस चालवा, ज्या नंबरचा छर्रा घरी ठेवणार तोच, पाच आणि दहा मीटरवर कागद लावून तुमची नळी किती पसरवते ते स्वतः पाहा, कारण जुन्या-नव्या प्रत्येक नळीचं वेगळं राहते, डाव्या नळीत चोक जास्त असला तर ती उजवीपेक्षा घट्ट मारते. घेतल्यावर लायसनवर लिहिलेल्या मुदतीच्या आत ठाण्यात दाखवून नोंद करून घ्या.